शेजाऱ्यांचे तंटे आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



सहकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर साखर कारखाना आणि जिल्हा बँक उभी राहते. शहरातील कार्यकर्ता ज्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहतो, तिच्याकडे मात्र तो गांभीर्याने पाहत नाही. तेथील भांडणे त्याला क्षुल्लक वाटतात. वास्तविक सामाईक मालमत्तेचा उपभोग, खर्चाची वाटणी आणि माणसाचा हक्क हे आपलेच प्रश्न तेथे रोज जिन्यात भेटतात.

या तंट्यांचे तीन वर्ग करता येतील. पहिला वस्तूंचा. वरच्या न्हाणीघरातून पाणी गळते, गाडी उभी करण्यास जागा नाही. आदर्श उपविधी सांगतात की गच्चीची गळती संस्थेने थांबवावी, न्हाणीघराची सभासदाने. वाहने अधिक आणि जागा कमी असल्यास दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात. येथे कोणाचेही तत्त्व पणाला लागलेले नसते. दोघांनी थोडे थोडे मागे सरावे, हेच शहाणपण.

दुसरा वर्ग पैशाचा. तळमजल्यावरील सभासद विचारतो, ‘मी लिफ्ट वापरीत नाही, मग खर्च का द्यावा?’ उपविधींचे उत्तर स्पष्ट आहे: वापर असो वा नसो, लिफ्ट असलेल्या इमारतीतील सर्वांनी तो द्यावा. सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखे, पाणीपट्टी मात्र नळांच्या संख्येनुसार. येथे तडजोड नव्हे, नियम हवा. आणि नियमासोबत उघडा हिशेब. वह्या कपाटात बंद राहिल्या की संशय जिन्यात फिरू लागतो.

अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००९ साली मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी सामाईक साधने सांभाळणाऱ्या समूहांचा अभ्यास केला. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत नियम ठरविण्यात वापरणाऱ्यांचा वाटा होता, आणि तंटा मिटविण्याची जागा जवळची व स्वस्त होती. आपल्याकडे १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम ९१ नुसार सहकार न्यायालयाचा मार्ग आहे. परंतु न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यास पैसा आणि सवड लागते. ज्याच्यापाशी ती अधिक, त्याचे पारडे आरंभापासूनच जड. म्हणून जागृत सर्वसाधारण सभा ही गरीब सभासदाची खरी ढाल आहे.

तिसरा वर्ग माणसाच्या प्रतिष्ठेचा. जात, धर्म वा आहार पाहून घर नाकारणे, घरकामास येणाऱ्या बाईंना लिफ्टबंदी करणे, हे या वर्गात येते. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. कायदा तेथे थांबला म्हणून समाजवाद्याने थांबू नये. ‘संस्थेची शांतता’ राखण्यासाठी येथे जी तडजोड होते, तिची किंमत दुबळाच चुकवितो. शिवाय बहुमतही येथे पुरे पडत नाही. घरकाम करणाऱ्या बाईंना त्या सभेत मतच नाही. ज्याला घर नाकारले, तो तर सभेच्या दाराबाहेरच राहिला. त्यांच्या वतीने कोणीतरी सभासदाने उभे राहून बोलले पाहिजे.

हे बोलणे सोपे नाही. मोर्चात घोषणा देताना आपल्या बाजूला आपलीच माणसे असतात. सभेत मात्र ज्यांच्याशी दुसऱ्या दिवशी दारात गाठ पडणार, त्यांच्याविरुद्ध हात वर करावा लागतो. पण वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घेण्याचे बंधन आहे. तोवर उपविधी वाचा, हिशेब मागा, आणि सभेस रिकाम्या हाताने जाऊ नका: एक ठराव लिहून न्या.