पुढच्या वाचणाऱ्यासाठी चिठ्ठी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरातली मोठी माणसं रेडिओ लावून बसली आहेत म्हणून नाइलाजाने ऐकत असलेल्या मुलामुलींना खास नमस्कार, कारण आजचं बोलणं मुख्यतः तुमच्याशी आहे.

मी तीस वर्षं एका तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवलं. त्यातली बरीच वर्षं शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडे होती. ग्रंथालय म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. दोन लोखंडी कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास, एक देवघेवीची वही आणि शनिवारी शाळा सुटल्यावरचा अर्धा तास.

दर सहामाहीला आम्ही मुलांना एक निबंध घालत असू, 'मला आवडलेले पुस्तक'. तुम्हीही लिहिला असेल. एके वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी सातवीच्या वह्या तपासायला घरी आणल्या. निम्म्याहून अधिक मुलांचं आवडतं पुस्तक 'श्यामची आई' होतं आणि जवळजवळ प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच होतं, की या पुस्तकापासून मला पुष्कळ बोध मिळाला. मला बरं वाटलं. सुट्टी संपल्यावर सहज देवघेवीची वही उघडली, तर त्या वर्षात ते पुस्तक कपाटातून फक्त चौघांनी नेलं होतं!

यात पुस्तकाचा काहीच दोष नव्हता. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याची प्रकरणं म्हणजे एकेक रात्र आहे. श्याम भोवती बसलेल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे ते पुस्तक मुळातच सांगण्याच्या थाटात लिहिलेलं. आम्ही शिक्षकांनी त्याचा दहा गुणांचा प्रश्न करून टाकला. मग मुलांनीही दहा गुणांपुरतं उत्तर दिलं.

त्या वर्षी मी निबंध बंद करू शकले नाही, पण एक वेगळी गोष्ट सुरू केली. पुस्तक परत करताना त्यात एक चिठ्ठी ठेवायची. पाठकोऱ्या कागदाचा तुकडा चालेल. चिठ्ठी बाईंसाठी नाही, यानंतर जो कोणी हे पुस्तक नेईल त्याच्यासाठी. गुण नाहीत, शुद्धलेखन तपासणार नाही, नाव लिहायची सक्ती नाही.

पहिला महिनाभर चिठ्ठ्यांतही बोधच येत राहिला. मग हळूहळू मुलांच्या ध्यानात आलं की बाई खरंच काही बोलत नाहीत. आणि चिठ्ठ्यांची भाषा बदलली. 'रात्री सुरू करू नको. मी केलं आणि सकाळी कवायतीला उशीर झाला.' 'पहिला धडा सोडून दे, दुसऱ्यापासून मजा आहे.' 'चित्रं कमी आहेत पण चालतं.' एका जाडजूड पुस्तकात तर नुसतं, 'मी निम्मं वाचलं. तू पुढचं वाचून मला सांग.' पुस्तकाची यापेक्षा प्रामाणिक ओळख मी मोठ्यांच्या परीक्षणांतही फारशी वाचलेली नाही.

त्याच सुमारास माझ्या हातून एक चूक झाली. सातवीतल्या एका मुलाची आई पावसाळ्यात गेली. पंधरा दिवसांनी तो शाळेत आला. मला वाटलं, याला काहीतरी आधाराचं द्यावं. मी कपाटातून 'श्यामची आई' काढून त्याच्या हातात ठेवलं. मनात प्रेमच होतं, पण आपण काय देतो आहोत याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता. तिसऱ्या दिवशी पुस्तक परत आलं. आत चिठ्ठी होती, पण कोरी.

पुढच्या शनिवारी त्याच्या बाकावरचा मुलगा कपाटापाशी आला. वर्गात कधी हात वर न करणारा. हळूच म्हणाला, 'बाई, त्याला फास्टर फेणे द्या. त्यात रडायला लागत नाही.'

मी दिलं. आणि मुकाट्याने दिलं, कारण सांगणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. फास्टर फेणे म्हणजे बनेश फेणे. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात आलेला, अंगाने काडी, पण सायकलवर बसला की वारा. अंगात ताकद बेताची, पैसा नाही, हाताशी कसलं जादूचं यंत्र नाही. आहे ती चौकस नजर आणि गडबड दिसली की तिकडे धाव घेण्याची खोड. काही सुचलं की तोंडातून निघतो तो 'ट्टॉक्'. भा. रा. भागवतांनी हा मुलगा उभा केला. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी मुलांपर्यंत आणल्या त्याही त्यांनीच. 2017 साली फास्टर फेणेवर चित्रपट आला, पण त्यातला फेणे मोठा झालेला आहे. पुस्तकातला तुमच्याएवढा आहे. सुरुवात करायची तर 'प्रतापगडावर फास्टर फेणे' घ्या. प्रकरणं छोटी आहेत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आणि मराठी वाचताना अडखळणाऱ्या मुलांनी घरात कोणाला तरी एक प्रकरण मोठ्याने वाचायला सांगावं आणि दुसरं आपण वाचावं. तिसऱ्या प्रकरणाला सांगावं लागत नाही, हा माझा अनुभव.

आमच्या त्या मुलाने कपाटात होते तेवढे सगळे फास्टर फेणे दोन महिन्यांत संपवले. चिठ्ठ्या मात्र कोऱ्याच.

आता आमच्या कपाटातली आणखी काही पुस्तकं सांगते. मुलांनी एकमेकांना सांगून सांगून ज्यांची पानं सुटी केली, तीच.

पहिलं 'तोत्तोचान'. लेखिका तेत्सुको कुरोयानागी, जपानी पुस्तक 1981 सालचं, मराठीत आणलं चेतना सरदेशमुख गोसावी यांनी. तशा या लेखिकेच्या लहानपणच्या खऱ्या आठवणी आहेत, पण वाचताना कादंबरीसारख्या सरकतात. तोत्तोचानला पहिलीतच शाळेतून काढून टाकतात, कारण ती खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते. नव्या शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरतात. तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. आमच्याकडे एका चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हे मुख्याध्यापकांना वाचायला द्या.' मी दिलं नाही. द्यायला हवं होतं.

दुसरं 'चौघीजणी'. लुइसा मे अल्कॉट यांची अमेरिकन कादंबरी 1868 सालची, मराठी केली शान्ता शेळके यांनी. वडील युद्धावर गेलेले, घरात पैशांची ओढ, आई आणि चार बहिणी. चौघींचे चार स्वभाव. मुली वाचता वाचता आपापसात वाटून घेत, मी ज्यो, तू मेग. शांत बेथ व्हायला मात्र कोणी तयार नसे. आणि मुलग्यांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. आमच्याकडे हे पुस्तक दप्तरात तळाशी लपवून नेणारे मुलगे होते, ते मी वहीत पाहिलं आहे.

तिसरं ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या'. जुनं पुस्तक आहे. भाषा जुनी, घरंही जुनी. अनाथ मुलगा एका कुटुंबात येतो आणि तिथला होऊन जातो. एका मुलाने इमानदारीत लिहिलं होतं, 'काही शब्द आजीला विचारावे लागतात.' त्या चिठ्ठीचा परिणाम असा झाला, की ज्यांच्या घरी आजी होती ती मुलं ते पुस्तक आवर्जून नेऊ लागली.

आणि चौथं 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही कादंबरी 1938 साली अमेरिकेत आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. राम पटवर्धनांनी तिचा इतका सुंदर अनुवाद केला आहे की फ्लोरिडाच्या रानातलं ते कुटुंब आपल्याच शेजारच्या वाडीवर राहतं असं वाटतं. ज्योडी नावाचा एकुलता एक मुलगा, कष्टाळू बाप, कडक आई. सुरुवातीलाच हा पठ्ठ्या शेतातलं खुरपणीचं काम टाकून झऱ्यावर पळतो आणि पाण्यावर फिरणारी खेळातली चक्की करत बसतो. पुढे त्याला हरणाचं एक पोरकं पाडस मिळतं. ते वाढतं आणि त्याच्याबरोबर अडचणीही वाढतात, कारण शेतातलं पीक हेच त्या घराचं वर्षाचं पोट आहे. पुढचं मी सांगणार नाही.

आमच्या 'पाडस'मध्ये आठवीतल्या एका मुलीची चिठ्ठी होती. ती मला पाठ आहे. 'सुरुवातीची वीस पानं हळू जातात. सोडू नको. शेवट वाईट आहे. रात्री एकट्याने वाचू नको.'

पुढच्या वर्षी तोच मुलगा, आता आठवीत गेलेला, 'पाडस' घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. माझा हात वहीवर थांबला. एकदा चुकले होते. 'जरा थांब, पुढच्या वर्षी वाच,' हे शब्द अगदी ओठांवर आले. त्याला ते कळलं असावं. म्हणाला, 'बाई, मला माहीत आहे. आत लिहिलंय.'

मी नोंद केली आणि पुस्तक दिलं.

मुलांनो, आता तुम्हीच बघा, त्या मुलीने तीन-चार ओळींत किती कामं केली. कंटाळवाणं काय आहे ते लपवलं नाही. तरी सोडू नको म्हणून सांगितलं. शेवट सांगितला नाही, पण पुढे खड्डा आहे एवढं सांगितलं. मित्राला पुस्तक सुचवायचं तर इतकंच करायचं असतं. 'खूप छान आहे' एवढ्याने कोणी हलत नाही. त्यात कोण आहे, तो कशात अडकलाय, कुठल्या पानापासून पुस्तक पकड घेतं, ते सांगा. सांगण्याआधी समोरच्याकडे जरा बघा. त्याला आज हसायला हवं आहे की दुसरं काही? आणि नुसतं नाव सांगून थांबू नका, पुस्तक हातात द्या. नाव संध्याकाळपर्यंत विसरतं. हातातलं पुस्तक घरी जातं, जेवणाच्या ताटाशेजारी पडतं, कधीतरी उघडतं. तुम्हाला न आवडलेलं पुस्तकही खुशाल सांगा, का नाही आवडलं तेही सांगा. तुमच्या 'होय'ला वजन येतं ते त्या 'नाही'मुळेच.

आता दोन शब्द मोठ्यांसाठी. आपण वाढदिवसाला पुस्तक देतो आणि आठवड्याने विचारतो, 'काय शिकलास?' सिनेमा पाहून आलेल्या मुलाला आपण असं विचारत नाही. मूल मोबाइलवर असतं ही तक्रार खरी आहे, मीही आजी आहे. पण मोबाइलमधलं त्याला कोण सांगतं? त्याचा मित्रच. पुस्तकाला तोच रस्ता मोकळा करून द्या. घरी चार मुलं जमली की त्यांच्यात पुस्तकांची अदलाबदल होऊ द्या. एखादं हरवेल, एखादं फाटेल. आमच्या ग्रंथालयात जी पुस्तकं नव्यासारखी राहिली ती कोणी वाचलीच नव्हती.

'पाडस' तीन आठवड्यांनी परत आलं. मुदत उलटून गेली होती, दंड मी विसरले. त्या मुलीच्या चिठ्ठीखाली पेन्सिलीने दोन वाक्यं लिहिली होती. 'मी एकट्याने वाचलं. चालतं.'

त्याची ती पहिली चिठ्ठी. 'श्यामची आई' त्याने पुढे कधी वाचलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पण 'पाडस' त्यानंतर ज्या ज्या मुलाने नेलं, त्याने आधी ती चिठ्ठी वाचली. मी निवृत्त झाले तेव्हा ती त्याच पुस्तकात होती आणि किल्ली पुढच्या बाईंच्या हातात देताना मी एवढंच सांगितलं, की पुस्तकं झटकताना चिठ्ठ्या टाकू नका.

तुमच्या घरात आत्ता जे पुस्तक वाचून झालेलं पडलं असेल, त्यात आज एक चिठ्ठी ठेवा. आणि उद्या ते कोणाला तरी नेऊन द्या.