दूरचा विक्रेता आणि ग्राहकाचे हक्क



आठवडे बाजारात ग्राहक धान्याचा दाणा दाताखाली धरून पाहतो, कापडाचा पोत चाचपतो, तराजूच्या काट्यावर नजर ठेवतो. माल खराब निघाल्यास पुढच्या बाजारी दुकानदाराला जाब विचारतो. ऑनलाइन खरेदीत यांपैकी काहीच शक्य नसते. वस्तूचे केवळ चित्र दिसते, विक्रेता पुष्कळदा परप्रांतात असतो आणि पैसे अनेकदा आधीच चुकते झालेले असतात. हे अंतर हीच ग्राहकाची खरी अडचण होय.

ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. मात्र त्यान्वये तक्रार विरुद्ध पक्षाच्या ठिकाणी अथवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथे करावी लागे. ऑनलाइन व्यवहारात हे कारण नेमके कोठे घडले, यावरच वाद उपस्थित होऊ शके.

जुलै २०२० मध्ये अंमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने ही अडचण दूर केली. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला आता दाद मागता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. वकील देण्याचे बंधनही नाही. काही हजारांच्या खरेदीसाठी परगावी खेटे घालणे ज्याला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने या तरतुदीचे मोल फार मोठे आहे.

त्याच महिन्यात केंद्र शासनाने ई-वाणिज्य नियम जारी केले. “आम्ही केवळ मध्यस्थ” एवढे सांगून बाजारमंचाला आता हात झटकता येत नाहीत. विक्रेत्याचे नाव व पत्ता त्याने दाखविलाच पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन तिचे निवारण एका महिन्यात करणे, हे त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ग्राहकाची संमती गृहीत धरून चौकटीत आधीच खूण करून ठेवण्यासही मनाई आहे. नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी तर खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत परस्पर वस्तू घालणे अशा तेरा फसव्या युक्त्या निषिद्ध ठरविल्या.

तथापि, तक्रारीवाचून हे हक्क कागदावरच राहतात. रक्कम लहान म्हणून अनेकजण गप्प बसतात आणि त्या मौनावरच फसवणुकीचा धंदा फोफावतो. म्हणून ग्राहकांनी पावती, जाहिरातीचे चित्र व पत्रव्यवहार जपून ठेवावा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तेथे निवारण न झाल्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे. एका ग्राहकाने चिकाटीने मिळविलेला न्याय पुढील अनेकांची फसवणूक टाळण्यास साहाय्यभूत ठरतो.