कुठला खेळ, आणि कुणासोबत?



शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. उन्हात शिट्टी घेऊन उभं राहणाऱ्या माणसाला व्यासपीठावर बसण्याची वेळ क्वचितच येते. म्हणून हा मान मी तुम्हा सगळ्यांच्या वतीने स्वीकारते.

माझ्या नोकरीची पहिली नऊ वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गेली आणि पुढची अकरा वर्षं शांघायमधल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत. तिथे एका प्रश्नाने माझी पाठ कधी सोडली नाही. तोच आज तुमच्यापुढे मांडते. अकरा ते चौदा वर्षांचं मूल एकट्याने खेळायचा खेळ निवडतं की संघाचा, आणि ते कशावरून ठरवतं?

आधी त्या शाळांविषयी थोडं सांगायला हवं. चीनमध्ये परदेशी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात आणि मुख्य भूमीवरच्या चिनी नागरिकांच्या मुलांना तिथे प्रवेश नसतो. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम हवा असलेली चिनी कुटुंबं खासगी द्विभाषिक शाळांकडे वळतात. त्यामुळे माझ्या वर्गात कोरियन, जर्मन, अमेरिकी, भारतीय मुलं होती आणि आईवडील चिनी वंशाचे पण पासपोर्ट कॅनडाचा किंवा ऑस्ट्रेलियाचा, अशीही बरीच होती. मराठी घरातलीही दोन-चार असायचीच. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. वडिलांचा किंवा आईचा करार संपला की शाळा सुटायची. जून महिना आमच्याकडे निरोपाचा महिना असे.

आमच्या शाळेत खेळाचे वर्षाला तीन हंगाम असत. प्रत्येक हंगामाच्या आधी व्यायामशाळेच्या भिंतीवर नावनोंदणीचे कागद लागत. शरदात व्हॉलीबॉल आणि पोहणं, हिवाळ्यात बास्केटबॉल आणि क्रॉस-कंट्री, वसंतात फुटबॉल, बॅडमिंटन, टेबल टेनिस, मैदानी स्पर्धा. मी तिथे बाजूला उभी राहून बघत असे. सहावी-सातवीतलं मूल कागदाकडे येतं, पेन उचलतं आणि खेळाचं नाव वाचण्याआधी खाली लिहिलेली नावं वाचतं. मग मागे वळून कुणाला तरी शोधतं. कित्येकदा पेन तसंच खाली ठेवून ते मैत्रीण येईपर्यंत थांबतं. हे दृश्य मी अकरा वर्षं पाहिलं, पण त्याचा अर्थ लागायला मला त्यातली निम्मी वर्षं लागली.

सुरुवातीला माझ्याकडेही तयार उत्तरं होती. पहिलं उत्तर संस्कृतीचं. चिनी घरातली मुलं एकट्याच्या खेळाकडे वळतात, असं मला अनेकांनी सांगितलं होतं. त्याला आधारही दिसतो. 1959 मध्ये रोंग ग्वोत्वान टेबल टेनिसचा विश्वविजेता झाला, तेव्हापासून त्या देशाचा क्रीडाभिमान टेबल टेनिस, डायव्हिंग, बॅडमिंटन, वेटलिफ्टिंग अशा खेळांवर पोसला गेला. पुरुषांचा फुटबॉल संघ विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत एकदाच पोहोचला, 2002 मध्ये, आणि एकही गोल न करता परतला. पण याच देशाच्या महिला व्हॉलीबॉल संघाने 1981 ते 1986 या काळात ओळीने पाच जागतिक विजेतेपदं मिळवली आणि त्या मुली घराघरांत पूजल्या गेल्या. शांघायचा याओ मिंग 2002 मध्ये अमेरिकेच्या एनबीएत पहिल्या क्रमांकाने निवडला गेला, आणि आजही शांघायच्या कुठल्याही बास्केटबॉल मैदानावर संध्याकाळी जागा मिळत नाही. वंशावरून मुलाचा खेळ ओळखता येत नाही, हे मी तिथे शिकले.

दुसरं उत्तर सोयीचं, आणि ते खरंच वजनदार आहे. शहर दाट, मोकळी जागा कमी. बागेत सिमेंटचं टेबल टेनिसचं टेबल सापडतं, फुटबॉलचं मैदान सापडत नाही. हवेचंही तसंच. बीजिंगमधल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेने 2013 मध्ये हवा गाळणारे मोठे घुमट मैदानांवर उभारले, इतकी ती अडचण मोठी होती. आमच्याकडे हवेचा निर्देशांक ठरलेल्या आकड्यावर गेला की बाहेरचा सराव रद्द होई, व्यायामशाळेतलं बॅडमिंटन मात्र चालू राही. हंगामात चार-पाचदा असं झालं की फुटबॉलचा संघ विस्कटायचा. त्यात शेवटची बस कितीला सुटते, हाही प्रश्न असेच. पण याच हवेत, याच बसच्या वेळेत दोन मैत्रिणी वेगवेगळे खेळ का निवडतात, हे सोयीवरून कळत नाही.

तिसरं उत्तर शरीराचं. वयात येताना मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास. सातवीच्या एका रांगेत मिसरूड फुटलेला मुलगा आणि चौथीतला वाटावा असा मुलगा शेजारी उभे असतात. जन्मवर्ष एकच, पण बास्केटबॉलच्या बास्केटखाली त्यांची बरोबरी होत नाही. बुटक्या मुलाला वाटतं, हा खेळ आपला नाही. दोन वर्षं थांबला असता तर कदाचित तोच उंच झाला असता. इथे निवड मूल करत नाही, वाढीचं वेळापत्रक करतं. आणि आपण प्रशिक्षक त्यावर शिक्का मारतो.

बंधू-भगिनींनो, आता माझी एक चूक सांगते.

कोरियाहून आलेली एक मुलगी सातवीत होती. पाच वर्षांतली तिची ती तिसरी शाळा. पोहण्यात ती उत्तम होती. पाण्यात उतरली की कडेला उभे असलेले आम्ही सगळे बोलणं थांबवायचो. तिने पोहणं सोडून व्हॉलीबॉलसाठी नाव दिलं. व्हॉलीबॉलमध्ये ती सामान्य होती, सर्व्हिस जाळ्यात जायची. मी तिच्या आईला बोलावून घेतलं आणि मुलगी गुणवत्ता वाया घालवते आहे, असं स्पष्ट सांगितलं. आईने तिला माझ्यासमोरच विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पाण्यात असताना माझं नाव कुणी हाकारलं तरी मला ऐकू येत नाही. व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक चेंडूला कुणीतरी कुणाचं तरी नाव घेतं."

नव्या शाळेत येऊन तिला जेमतेम सहा आठवडे झाले होते. तिला पदक नको होतं, नाव घेणारी सहा माणसं हवी होती. दर दोन वर्षांनी गाव बदलणाऱ्या मुलाला संघ म्हणजे तयार घर असतं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर कुठे बसायचं, ते ठरून जातं.

पण याच्या अगदी उलट वागणारं मूलही मी पाहिलं. तोही फिरतीवरच्या घरातला, आठवीतला. तो फक्त पोहायचा. संघ त्याला नको असायचा, कारण सोडून जाताना त्रास होतो, हे त्याने आधीच्या शाळेत अनुभवलं होतं. पन्नास मीटरची वेळ मात्र सेऊलमध्ये तीच, म्युनिकमध्ये तीच. ती पेटीत भरून नेता येते. मागे सोडावं लागेल असं घर त्याने नाकारलं आणि सोबत नेता येईल अशी गोष्ट धरली. दोघांची गरज एकच होती, आपली जागा हरवू नये ही. उत्तरं मात्र दोन निघाली.

पराभवाच्या भीतीचंही असंच दुहेरी काम चालतं. एका मुलाने बास्केटबॉलचा शेवटचा फ्री थ्रो चुकवला आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. पुढच्या हंगामात तो टेबल टेनिसला आला. "इथे हरलो तर मीच हरतो," एवढंच म्हणाला. त्याच वर्षी एका लाजाळू मुलीने फुटबॉल घेतला, कारण तिला वाटलं, अकराजणींत आपल्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. एकजण संघातून पळाला, दुसरी संघात लपली.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टींचं खतपाणी लागतं, असं मांडलं: स्वतः ठरवल्याची जाणीव, आपल्याला जमतं ही जाणीव आणि आपण कुणाचे तरी आहोत ही जाणीव. ही तीन सूत्रं वाचली तेव्हा मला नावनोंदणीच्या कागदापुढे थबकलेली ती मुलं आठवली. आपण शिक्षक मधल्या सूत्राकडे, जमण्याकडेच बघतो. निवड चाचणी घेतो, वेळ मोजतो, उंची मोजतो. मूल उरलेली दोन सूत्रं मनात घोळवत उभं असतं.

स्वतः ठरवण्याचं मोल चिनी टेनिसपटू ली ना हिच्या आयुष्यात दिसतं. लहानपणी ती बॅडमिंटन खेळायची. प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून तिला टेनिसकडे वळवलं गेलं. सरकारी क्रीडाव्यवस्थेत ती वाढली, पण 2008 च्या अखेरीस तिला त्या व्यवस्थेबाहेर पडून स्वतःचा प्रशिक्षक आणि वेळापत्रक ठरवण्याची मुभा मिळाली. 2011 मध्ये ती फ्रेंच ओपन जिंकली, 2014 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन. हे यश केवळ मोकळीक मिळाल्याने आलं, असं मी म्हणणार नाही. आधीची कठोर मेहनत त्यात आहेच. पण तिची सर्वांत मोठी विजेतेपदं तिच्या स्वतःच्या निर्णयांच्या काळातली आहेत, एवढं आपण लक्षात ठेवावं.

आणि कुणाचे तरी असण्याचं मोल मला टाळेबंदीत दिसलं. 2022 च्या वसंतात कोविडमुळे शांघाय जवळजवळ दोन महिने बंद होतं. मुलं घरात, मी स्क्रीनवर. दोरीवरच्या उड्या, आसनं, भिंतीवर चेंडू, जे एकट्याने होईल ते. वरकरणी पाहता तो काळ एकट्याच्या खेळाचाच. पण तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा म्हणाला, "मिस, सगळ्यांचे आवाज चालू ठेवू या का? उड्या मारताना बाकीच्यांचा श्वास ऐकू आला की थांबावंसं वाटत नाही." त्या दिवसापासून आमचा तास धापांच्या आवाजात चालायचा. एकट्याच्या व्यायामालाही सोबत लागते, हे मला त्या मुलाने शिकवलं.

आणि आपल्या मातीतल्या खेळाने तर माझी वर्गवारीच मोडली. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळालं आणि भारताने सुवर्ण जिंकलं. त्या देशात मी कबड्डी शिकवू नये, हे कसं होईल? एका तासाला मॅटवर रेषा आखल्या. तो टेबल टेनिसवाला मुलगा चढाईला गेला. दम धरून, एकटा, समोर सातजण. दोघांना शिवून परत आला, आणि बाहेर बसलेले त्याचे दोन गडी उठून आत आले. तो त्यांच्याकडे बघतच राहिला. आपण एकट्याने काही केलं आणि त्यामुळे दुसऱ्याला खेळायला मिळालं, हे त्याने पहिल्यांदाच अनुभवलं. एकट्याचा आणि संघाचा खेळ यांत भिंत नसते, मधे एक रेषा असते, ती ओलांडून जाता येतं आणि परतही येता येतं.

यातून तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवते.

पहिली, चौदा वर्षांपर्यंत मुलाकडून एकच खेळ पक्का करून घेऊ नका. क्रीडाविकासाचे अभ्यासक जाँ कोते यांनी साधारण सहा ते बारा हा काळ नाना खेळ चाखण्याचा मानला आहे. वाढीचं वेळापत्रक पूर्ण होण्याआधी मुलावर शिक्का मारणं हा अन्याय आहे.

दुसरी, एकट्याच्या खेळात सोबत आणा आणि संघाच्या खेळात प्रत्येकाचं नाव घ्या. पोहणाऱ्यांना रिले द्या, धावणाऱ्यांना जोडीदार द्या. कबड्डीच्या राखीव खेळाडूलाही सरावात रोज नावाने हाक मारा.

तिसरी, आपल्याकडेही फिरतीवरची मुलं आहेत. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारी आहेत, बदलीच्या नोकरीतल्या घरांतली आहेत. मधेच आलेल्या मुलाला "संघ भरला आहे" असं सांगू नका. त्याला त्या आठवड्यात खेळापेक्षा जागेची गरज जास्त असते.

माझ्या शेवटच्या वर्षी मी नावनोंदणीच्या कागदावर एक रकाना वाढवला. खेळाचं नाव, विद्यार्थ्याचं नाव आणि तिसरा रकाना: कुणासोबत? काहींनी मैत्रिणीचं नाव लिहिलं. काहींनी "कुणीही चालेल" असं लिहिलं. एका सहावीतल्या मुलाने तो रकाना रिकामा ठेवला. पहिल्या दिवशी त्याला शोधून मी त्याच्याशेजारी उभी राहिले आणि आम्ही दोघं मैदानाला एक फेरी मारून आलो. दुसऱ्या फेरीला आणखी दोघं आले.

तुमच्या शाळेच्या कागदावर हा रकाना जरूर वाढवा. रिकामा राहिला, तर तिथे तुमचं नाव लिहा.