दोन जुन्या होड्या, एक निवड

खाडीकाठच्या काही गटांनी विचारलंय, की पर्यटकांना गळाने मासे धरायला न्यायचंय आणि दोन जुन्या फायबरच्या होड्या विकाऊ आहेत, तर कुठली घ्यावी? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका कांदळवनाची सफर चालवतात, तेव्हा हे काम आपल्याला नवं नाही. पण होडी गटाच्या पैशांतून येणार आणि हप्ते प्रत्येकीच्या घरातून जाणार.

समजा, एक होडी 22 फुटी आहे. नवा रंग, वर 25 हॉर्सपॉवरचं चकचकीत इंजिन. दुसरी 17 फुटी, रंग उडालेला, इंजिन लहान आणि जुनं. मन पहिलीकडे धावतं. माझं मात्र सांगणं असं, की आधी इंजिन विसरा. इंजिन बदलता येतं, कुजलेली होडी बदलता येत नाही.

इंजिन टांगतात तो मागचा फळा आधी बघा. बाहेरून फायबर दिसतं, पण आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी आत झिरपतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं, वरून काही कळत नाही. इंजिन वर उचलायचं, खालचं टोक धरून वर-खाली दाबायचं. फळा हलला किंवा कोपऱ्यात तडे दिसले, तर ती होडी सोडून द्या. मग सुरीच्या लाकडी मुठीने सगळीकडे ठोकत जा. मडकं घेताना वाजवून बघतो ना, तसंच. टणक आवाज चांगला, बद्द आवाज आला की आत पाणी मुरलंय समजा. नव्या रंगाखाली काय झाकलंय, तेही विचारा.

आता इंजिन. आधी हात लावा. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलंय. थंड होऊ द्या आणि मग सुरू करायला सांगा. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडायला हवी. ती नसेल, तर इंजिन तापून जाईल. गिअरचं तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं, तर आत पाणी शिरलंय.

आणि दोरी स्वतः ओढून बघा. मालक नाही, भाऊ नाही, जी होडी चालवणार तिने. ओहोटीला होडी चिखलातून ढकलायचीय, तीही आपल्यालाच. मोठी होडी घेतली आणि रोज दोन गड्यांना हाका मारत बसलो, तर मजुरी त्यांची आणि कर्ज आपलं! खाडीत चार पाहुणे न्यायला 17 फूट पुरतात.

कागदांचं थोडक्यात सांगते. होडीवरचा नंबर आणि नोंदणीतला नंबर एकच हवा, विकणाऱ्याचं नावही तेच. मासेमारीची नोंदणी आहे म्हणून पर्यटक बसवता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करा, तीही इसार देण्याआधी. माणशी एक लाइफ जॅकेट धरून किंमत मोजा.

शेवटी होडी पाण्यात उतरवा. पाच-सहा जणी जॅकेट घालून बसा, अर्धा तास फिरा. परत आल्यावर तळातली फळी उचला आणि खाली किती पाणी साचलंय ते बघा. मग भाव बोला.