साप पाळण्यापूर्वीं

बुधवार पेठेंत तांबड्या जोगेश्वरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आमचें घर आहे. तेथें गेल्या महिन्यांत माझ्या चौदा वर्षांच्या नातवानें मागणी केली, "आजोबा, मला साप पाळायचा आहे." त्याच्या आजीनें हात जोडले, सूनबाईंनीं मजकडे पाहिलें, आणि निकाल देण्याचें काम अर्थातच जुन्या मास्तरावर आलें. तो निकाल देतांना केलेला विचार आज आपणांपुढें मांडीत आहें.

त्याला हवा असलेला साप अमेरिकेच्या आग्नेय भागांतला. इंग्रजींत त्यास कॉर्न स्नेक म्हणतात. आपण मक्याचा साप म्हणूं. मक्याच्या कोठारांत तो उंदरांच्या मागावर येई म्हणून, किंवा पोटावरील चौकटी रंगीत कणसासारख्या दिसतात म्हणून, हें नांव पडलें असें सांगतात. नारिंगी अंगावर तांबडे ठिपके, लांबी सुमारें तीन ते पांच फूट, विष मुळींच नाहीं, स्वभाव शांत. नवशिक्यानें पाळण्याजोगा साप अशी त्याची परदेशांत ख्याति आहे, ती उगीच नव्हे.

मग आपल्याच रानांतला तस्कर कां नको? तोहि बिनविषारी आणि देखणा. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें देशी साप विनापरवाना पकडणें वा बाळगणें हा गुन्हा आहे. परदेशी प्राणी देशांत आणण्यासहि सरकारी परवानगी लागते. म्हणून हा प्राणी कोठून आला याचे कागद पाहिल्याविना विकणाऱ्यास पैसा देऊं नये.

त्याची व्यवस्था अवघड नाहीं, पण नियमित हवी. तीन-चार फूट लांबीची कांचेची पेटी, तिला घट्ट बसणारें झांकण, कारण फटींतून निसटण्यांत हा साप पटाईत असतो. पेटीचें एक टोंक सुमारें ३० अंश उबदार, दुसरें त्याहून थंड. पुण्याच्या थंडींत त्याकरितां विजेची ऊब लागते. दडण्यास जागा, पाण्याचें भांडें. खाल्ल्यावर दोन दिवस त्यास हाताळूं नये. डोळे दुधाळ झाले कीं कात टाकण्याची वेळ आली असें समजावें. हाताळल्यावर साबणानें हात धुवावे.

आतां घरांतली खरी अडचण. आमच्याकडे अंडेंहि शिजत नाहीं, आणि साप कांहीं शाकाहारी होऊं शकत नाहीं. नागपंचमीस आपण दूध ठेवतों, तें आपल्या समाधानाकरितां. दूध हें सापाचें अन्नच नव्हे. याला उंदीरच लागतो. पिलास आठवड्याला एक, वाढलेल्यास दहा ते चौदा दिवसांनीं एक. तोहि मारून गोठविलेला बरा, कारण जिवंत उंदीर सापालाच चावून जखमी करतो. म्हणजे लोण्याशेजारीं उंदरांची पुडी! सूनबाईंनीं विचारलें, "वेगळी शीतपेटी कोण घेणार?" प्रश्न रास्त होता.

त्याहून मोठा प्रश्न वर्षांचा. हा साप नीट संभाळल्यास पंधरा-वीस वर्षें जगतो. मुलगा तेव्हां चौतीस वर्षांचा होईल. मधें परीक्षा, नोकरी, परगांव. मी आज सदुसष्ट वर्षांचा आहें. सत्त्याऐंशीव्या वर्षीं गोठलेला उंदीर कोमट करीत बसलेला आजोबा मला दिसूं लागला! कंटाळा आला म्हणून पर्वतीच्या झाडींत सोडून देणें हें तर दुहेरी पाप. परका जीव मरेल, अथवा जगलाच तर येथल्या जीवांस उपद्रव करील.

आणखी एक भीति मला वाटली. गरीब साप हाताळण्याची संवय झालेलें पोर उद्यां भलत्याच सापाला हात घालील. मी त्याच्याएवढा असतांना आमच्या वाड्याच्या जिन्याखालीं साप निघाला. "मण्यार, मण्यार" असा ओरडा झाला, आणि आम्हीं मुलांनीं काठ्यांनीं त्यास ठेंचलें. विज्ञानाच्या शिक्षकांनीं नंतर पाहून सांगितलें, "अरे, हा कवड्या. बिनविषारी." कवड्याचे पांढुरके पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे शेपटीकडे अधिक ठसठशीत असतात. तरी घरांत साप निघाल्यास कोणीहि जवळ जाऊन पट्टे मोजीत बसूं नये. दूर उभें राहून सर्पमित्रास बोलवावें.

याच पुण्यांत १९८० सालीं नीलिमकुमार खैरे हे ७२ विषारी सापांसह ७२ तास कांचेच्या खोलींत राहिले. डिवचल्यावांचून साप चावत नाहीं हें त्यांना दाखवावयाचें होतें. पुढें १९८६ मध्यें त्यांच्या प्रयत्नानें कात्रजचें सर्पोद्यान उभें राहिलें. त्यांचें अनुकरण कोणीं करूं नये. पण सर्पोद्यान मात्र अवश्य पहावें.

मीं नातवास नकार दिला नाहीं. म्हटलें, "बाळ, वर्षभर दर रविवारीं कात्रजला जा. एकेका सापापुढें अर्धा तास उभा रहा आणि दिसेल तें वहींत लिही. कंटाळलास तर एक साप वांचला. न कंटाळलास तर पेटी मी घेऊन देईन, शीतपेटीहि."

चार रविवार झाले. गेल्या खेपेस परत आल्यावर त्यानें वही मिटून विचारलें, "आजोबा, मारण्यापूर्वीं तुम्हीं त्या कवड्याचे पट्टे पाहिले होते कां?"

श्रोतेहो, आम्हीं पाहिले नव्हते.