नांव आणि किल्ली



व्यवहारांत माणसाला दोन गोष्टी कराव्या लागतात. आपण कोण हें सांगणें ही पहिली, आणि आपण खरोखर तेच आहोंत हें पटवून देणें ही दुसरी. पहिल्या कामासाठीं नांव असतें, दुसऱ्यासाठीं किल्ली. नांव चारचौघांत उच्चारावयाचें, किल्ली कमरेला बांधून ठेवावयाची. ज्या दिवशीं एकच वस्तु हीं दोन्ही कामें करूं लागते, त्या दिवशीं घराला कुलूप असून नसल्यासारखें होतें.

नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. हा क्रमांक बारा अंकी असतो. त्याचा शेवटचा अंक आधींच्या अकरा अंकांवरून गणितानें काढलेला असल्यामुळें लिहितांना झालेली चूक सहज उघडकीस येते. परंतु त्याचा मुख्य गुण तोच त्याचा मुख्य धोका आहे: तो जन्मभराचा आहे. किल्ली हरवली तर कुलूप बदलतां येतें. हा क्रमांक नको त्याच्या हातीं पडला तर तो बदलून घेण्याची सोय सामान्य माणसास नाहीं.

धोका केवळ चोरीचा आहे असेंही नव्हे. बँकेच्या वहींत, टेलिफोन कंपनीच्या वहींत आणि रुग्णालयाच्या वहींत तोच क्रमांक असेल, तर या तीन वह्या शेजारीं शेजारीं ठेवणारास एखाद्याची मिळकत, त्याचे संबंध आणि त्याचें दुखणें एका बैठकींत वाचतां येईल. खासगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें दिला. त्या हक्काला व्यवहारांत अर्थ यावयाचा, तर अशा वह्या सहजासहजीं जुळतां कामा नयेत.

यावरील उपायाची कल्पना नवी नाहीं. पूर्वी बँकेंत पैसे काढावयास गेलें म्हणजे कारकून चेक घेऊन आपल्या हातीं पितळेचा एक बिल्ला देई. पुढें कॅशियर त्या बिल्ल्याचा आंकडा पुकारी. खात्याचा क्रमांक चारचौघांत पुकारावा लागत नसे. पैसे हातीं पडले कीं बिल्ला परत जाई, आणि मग तो आंकडा ऐकणाऱ्यास त्याचा कांहींच उपयोग नसे.

हाच बिल्ला आतां अंकांच्या रूपानें आला आहे. आधार देणाऱ्या प्राधिकरणानें जानेवारी २०१८ मध्यें सोळा अंकी आभासी क्रमांकाची योजना जाहीर केली. हा क्रमांक धारकानें स्वतः काढावयाचा. नवा काढला कीं जुना बाद होतो. त्यावरून मूळ बारा अंक शोधून काढतां येत नाहींत. शिवाय, ज्या संस्थांना मूळ क्रमांक जवळ बाळगण्याची मुभा नाहीं, त्यांना प्राधिकरण ओळख पटल्यावर बहात्तर अक्षरांची एक खूण देतें. एका संस्थेंत एका माणसाची खूण नेहमीं तीच राहते, पण दुसऱ्या संस्थेंत ती वेगळी असते. त्यामुळें संस्थेला आपला ग्राहक ओळखतां येतो, परंतु दोन संस्थांच्या वह्या त्या खुणेवरून जुळत नाहींत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानें १ ऑक्टोबर २०२२ पासून इंटरनेटवरील दुकानदारांनाही ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवितां येत नाहीं; त्यांनीं त्याऐवजीं टोकन ठेवावयाचें. तें दुसऱ्या दुकानीं चालत नाहीं, म्हणून चोरास त्याची किंमत फारशी नाहीं.

खरी किल्ली मात्र मोबाईलवर येणारा एकवेळचा परवलीचा आंकडा होय. आधारचा असा आंकडा दहा मिनिटांत निरुपयोगी होतो. तथापि तेवढ्या अवधींत आपण स्वतःच तो टेलिफोनवरील गोड आवाजाला सांगितला, तर कोणतेंही गणित आपलें रक्षण करूं शकत नाहीं. बँकेचा खरा अधिकारी तो कधींही विचारीत नाहीं, हें घरांतील वडीलधाऱ्यांना आणि मुलांना सारख्याच आग्रहानें सांगावयास हवें.

आणखी एक उणीव लक्षांत घ्यावयाची. हा बिल्ला काढावयास आधारशीं नोंदलेला मोबाईल लागतो. ज्याच्याजवळ तो नाहीं, त्याला बारा अंकच पुढें करावे लागतात. म्हणजे ज्याला संरक्षणाची गरज अधिक, त्यालाच तें कमी मिळतें.

येथें आपला संबंध येतो. बिल्ला देणारा कितीही सावध असला, तरी घेणारा त्यावर समाधान मानीत नसेल तर सारें व्यर्थ आहे. आणि घेणारे पुष्कळदां आपणच असतों. घरकाम करणाऱ्या बाईंच्या आधारपत्राची नक्कल सोसायटीच्या फाटकावर मागितली जाते, ती एका उघड्या खणांत पडून राहते, आणि तिची आठवण कोणालाच राहत नाहीं. शेवटचे चारच अंक दाखविणारी प्रत मिळते. तेवढ्यानें काम भागत असेल तर ती घ्यावी. नुसतें पत्र पाहून भागत असेल तर नक्कल मागूंच नये. आपल्या क्रमांकाविषयीं जी काळजी आपण वाहतों, तीच दुसऱ्याच्या क्रमांकाविषयीं वाहणें हा शेजारधर्म आहे.