जुन्या लॅपटॉपची पुढची आवृत्ती



गळक्या घागरीला डाग देऊन ती आणखी चार वर्षे वापरण्याची आपली रीत. संगणक मात्र मंदावला की आपण तो बिनदिक्कत अडगळीत टाकतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल संपली, आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांना आपल्यात घेत नाही. त्यामुळे मंठाळसारख्या गावी ‘हा लॅपटॉप आता निकामी झाला का?’ हा प्रश्न घरोघर ऐकू येतो. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच असते.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपची हकीगत सांगतो. तो २००९ सालचा. प्रोसेसर ॲटम एन २७०, स्मृती अवघी एक गिगाबाइट. सुरू करून चहा करावयास जावे, तरी परत येईतो पडदा निळाच. २०१९ मध्ये त्यावर लुबुंटू ही लिनक्सची हलकी आवृत्ती चढविली. हलकी म्हणजे काय? तर मूळ गाभा तोच. परंतु खिडक्या, चित्रे, सजावट यांचा भार कमी, म्हणून थोड्या स्मृतीत भागते. पेनड्राइव्हवर प्रणाली उतरवून घ्यावी, तिच्यावरूनच लॅपटॉप सुरू करावा, आणि तबकडीला हात न लावता प्रथम वायफाय, आवाज, कळफलक हे सर्व चालते की नाही ते पाहावे. हे पाहण्यापूर्वी ‘स्थापना करा’ या बटणाला स्पर्श करू नये, कारण पुढे ‘संपूर्ण तबकडी पुसा’ असा पर्याय येतो आणि तो आपला शब्द अक्षरशः पाळतो. आपली कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून ठेवावीत, हे ओघानेच आले.

मराठी लिहिण्याची सोय पाहू गेलो, तेव्हा एक गंमत आढळली. कळफलकांच्या यादीत मराठीसाठी एक मांडणी ‘कागप’ नावाची आहे. क च्या जागी इंग्रजी के दाबावा, शिफ्टसह दाबल्यास ख. ग आणि घ यांचेही तसेच. हे ‘कागप’ म्हणजे कन्नड गणक परिषदेचे संक्षिप्त नाव! कन्नडसाठी रचलेली ही मांडणी मराठीलाही लागू केलेली आहे. सीमेवरच्या आमच्या मुलाला एकाच बोटाच्या सवयीने दोन्ही लिप्या लिहिता येतात, ही गोष्ट मला कोणत्याही वेगापेक्षा मोलाची वाटते. नाताळच्या कार्यक्रमाची मराठी गीते व कन्नड सूचनापत्र मी त्या एकाच लॅपटॉपवर लिहितो.

स्थापना सोपी, कसोटी लागते ती पुढची आवृत्ती घेताना. लुबुंटूच्या माझ्या आवृत्तीची देखभाल २०२१ मध्ये संपली, आणि त्यापुढच्या आवृत्त्या बत्तीस-बिटी प्रोसेसरसाठी निघेनाशा झाल्या. तेव्हा मी डेबियनकडे वळलो. १९९३ पासून चालत आलेला हा प्रकल्प जगभरचे स्वयंसेवक चालवितात. आवृत्त्यांना ते ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटमालिकेतील खेळण्यांची नावे देतात. अकरावी ‘बुल्सआय’, बारावी ‘बुकवर्म’, तेरावी ‘ट्रिक्सी’. (गंभीर माणसांनीही अशी नावे ठेवावीत, हे मला फार आवडते.)

२०२३ मध्ये अकरावीवरून बारावीवर जाताना मी एक चूक केली. कागदपत्रांची प्रत काढली होती, स्रोतांच्या यादीतील जुने नाव बदलून नवे लिहिले होते; पण लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली आहे, हे विसरलो. शेकडो पुड्या उतरून त्यांची मांडामांड चालू असता वीज गेली. पडदा काळा. दिवे आल्यावर यंत्र अर्धवट जागे झाले. काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे. तेथे ‘डीपीकेजी’ या आज्ञेला अपुरी राहिलेली मांडणी पूर्ण करावयास सांगितले आणि मग तुटलेल्या पुड्या दुरुस्त करण्याची आज्ञा दिली. तासाभराने सारे रुळावर आले. तेव्हापासून असे काम मी शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर करतो.

९ ऑगस्ट २०२५ रोजी तेरावी आवृत्ती निघाली. मी यादीतील नाव बदलण्यास बसलोच होतो. परंतु आधी आवृत्तीसोबतचे सूचनापत्र वाचले. बत्तीस-बिटी यंत्रांसाठी आता स्थापनेची सोयही नाही आणि प्रणालीचा गाभाही नाही. अशा यंत्रांनी ही आवृत्ती घेऊ नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. न वाचता पुढे गेलो असतो, तर चालता लॅपटॉप माझ्या हातून निकामी झाला असता.

तेव्हा आपल्या लॅपटॉपमध्ये कोणता प्रोसेसर आहे, ते आधी पाहावे. लिनक्समध्ये ‘एलएससीपीयू’ अशी आज्ञा दिली की उत्तर मिळते. त्यात चौसष्ट-बिटीचा उल्लेख असल्यास तेरावी आवृत्ती खुशाल घ्यावी. विंडोज १० सुटल्यामुळे अडगळीत गेलेल्या बहुतेक लॅपटॉपांना ती चालेल; दोन गिगाबाइट स्मृतीवरही एक्सएफसीई वा एलएक्सक्यूटी हा हलका पडदा बरा चालतो, मात्र न्याहाळकात एका वेळी दोन-तीनच पाने उघडावीत. केरळमधील सरकारी शाळांत गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच शिक्षण चालू आहे, म्हणजे हा काही नवशिक्याचा छंद नव्हे.

माझा बत्तीस-बिटी लॅपटॉप बारावीवरच राहील. त्या आवृत्तीची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत जाहीर झालेली आहे. तोवर त्यावर मुलांचा कळफलकाचा सराव चालेल. त्यानंतर त्याची इंटरनेटशी गाठ तोडून तो केवळ लेखनास ठेवण्याचा माझा विचार आहे.